निंबखेडा रोडची जनाना खोली

निंबखेडा रोड हे स्टेशन तुम्ही कधी पाहिलं नसेल, आणि आता पाहायला गेलात तरी दिसणार नाही. जालना आणि संभाजीनगरच्या मधे धावणारी शटल शेंद्र्याच्या कारखान्यांच्या पाठीमागून वळसा घेते, तिथं रुळांच्या कडेला ते उभं होतं. चढणारे-उतरणारे बहुतेक कारखान्यांतले. सकाळी शहरातून यायचे, पाळी सुटली की दुपारच्या गाडीनं परत जायचे. एरवी फलाटावर शेळ्या बसलेल्या असायच्या.

सुलेखा तिथं गेली ती अगदी साध्या कामाला. दुसरी रुळजोडी टाकायची होती, तिच्या वाटेत जुनी इमारत येत होती. पाडण्याआधी तिची मोजमापं घ्यायची, नकाशे काढायचे, फोटो घ्यायचे. जुन्या वास्तूंचं असं काम सुलेखा गेली बरीच वर्षं करत होती. नवरा अतुल नोकरीला पुण्यात, घरी वडील साहेबराव आणि पाच वर्षांची मुलगी यशोधरा. सकाळच्या शटलनं जायचं, दुपारच्या शटलनं परत यायचं. काम फार तर आठवडाभराचं.

इमारत मात्र तिला पाहताक्षणी आवडली. निजामाच्या काळातली, काळ्या दगडाची. पुढं तीन कमानी, ओतीव लोखंडाचे सडपातळ खांब, छपराच्या कडेला लाकडी झालर. कमानींच्या आत चुन्याचा गिलावा इतका गुळगुळीत, की हात फिरवला तर माठाला हात लावल्यासारखं वाटावं. तिच्या शेजारी रेल्वेनं नवीन पिवळी खोली आणि पत्र्याचं शेड बांधलं होतं. स्टेशन मास्तर इंद्रजीत त्या पिवळ्या खोलीतच बसायचा.

जुन्या इमारतीच्या पूर्व टोकाला एक खोली होती. तिला बाकीच्या स्टेशनातून दारच नव्हतं. एक दार मागच्या रस्त्याकडं, म्हणजे छकडा नाहीतर मेणा थेट उंबऱ्याशी लागावा असं. दुसरं, अरुंद दार फलाटाकडं. खिडकी नाही. तिच्या जागी दगडात कोरलेली बारीक नक्षीची जाळी, आतून बाहेरचं दिसेल, बाहेरून आतलं दिसणार नाही अशी. फलाटाकडच्या दारापासून थेट रुळांच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना खुंट रोवलेले, आणि प्रत्येक खुंटाला लोखंडी कडी.

या कड्या कशासाठी, हे सुलेखाला थोडा वेळ कळलंच नाही. मग लक्षात आलं. कनात बांधायला. जहागीरदारांच्या, देशमुखांच्या घरातल्या बायका या खोलीत बसायच्या. गाडी आली की कड्यांना कापड लावून बोळ करायचा आणि त्या बोळातून त्यांना थेट जनाना डब्यात चढवायचं. बाई अख्खा प्रवास करून आली तरी तिला कुठलं स्टेशन म्हणून दिसायचं नाही. दिसायचा तो पडदा.

फलाटाच्या बाजूला, जाळीच्या खाली, एक लांब दगडी ओटा होता. वर झालरीची गार सावली.

आणि त्या ओट्यावर कुणी बसत नव्हतं.

पहिल्याच दुपारी सुलेखाला ते खटकलं. एप्रिलचं ऊन. पाळी सुटून पंधरा-वीस बाया आलेल्या, अंगात कारखान्याचे निळे डगले, डोक्यावर ओढण्या. पत्र्याच्या शेडखाली तव्यावर बसल्यासारखं होत होतं, तरी सगळ्या तिथंच दाटीनं उभ्या. ज्यांना शेडमधे जागा नाही त्या उन्हात. दहा पावलांवर गार ओटा रिकामा.

सुलेखा जाऊन ओट्यावर बसली. दगड खरंच थंडगार होता. शेडमधल्या बोलण्याचा आवाज एकदम कमी झाला.

थोड्या वेळानं त्यांच्यातली एक चोवीस-पंचवीसची मुलगी तिच्यापासून जरा लांबच येऊन उभी राहिली.

"मॅडम, इकडं या ना. तिथं नका बसू."

"का गं? किती छान सावली आहे."

"सावली हाय, पण... तिथं बसलं की विचारतात."

"कोण विचारतं?"

मुलीनं हनुवटीनंच जाळीकडं खूण केली. "आतल्या. गाडी आली का म्हणून विचारतात."

सुलेखा हसली. मुलगी हसली नाही. तिचं नाव सोनिया. मुकुंदवाडीला राहायची, वायरिंगच्या कारखान्यात कामाला होती.

"मग? विचारलं तर सांगायचं काय?"

"नाय म्हणायचं. हमेशा नाय. गाडी समोर उभी असली तरी नाय म्हणायचं, अन् गुपचूप चढायचं."

"आणि हो म्हटलं तर?"

सोनियानं पिशवी खांद्याला लावली. गाडी दिसू लागली होती.

सुलेखाच्या घरात भूत-पिशाच्च हा विषयच नव्हता. साहेबराव शाळामास्तर होते. बावीस प्रतिज्ञा त्यांनी लेकीला पाढ्यांबरोबर शिकवल्या होत्या. कुणी काही पाहिलं, ऐकलं असं सांगू लागलं की ते चष्मा काढून विचारायचे, "कुणी? कधी? पुरावा?" त्या रात्री जेवताना सुलेखानं ओट्याची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "पोरी शिफ्टा करून दमतात. डोळा लागत असेल. दगडी इमारतीत आवाज घुमतो, ते तर तुला माहीतच आहे."

ते सुलेखाला माहीत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं इंद्रजीतकडून किल्ली घेतली आणि खोली उघडली.

आत काहीच नव्हतं. भिंतीला लागून तिन्ही बाजूंनी दगडी बाक, मधे मोकळी फरशी. बाकांचा दगड बसून बसून चकाकत होता. वर घुमटी छत, त्यात एक झरोका. उन्हाची एक तिरीप फरशीवर पडली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. वास होता खरा. बंद खोलीचा नव्हे. अत्तर, शिळा विडा, खूप दिवस घडी न मोडलेलं रेशीम, असा काहीसा. माणसांनी भरलेल्या खोलीचा वास.

तिनं मोजमापं घ्यायला सुरुवात केली. काम नेहमीसारखं होईना. बाकाला टेप लावायला वाकली की आपण कुणाच्या तरी पायांत घुसतोय असं वाटे, आणि ती नकळत "सरका जरा" म्हटल्यासारखी अंग चोरून घेई. मधे उभी राहिली तर पाठीमागून सगळ्या बघतायत असं वाटे. तिला स्वतःचाच राग आला. दुपारपर्यंत कसंबसं काम उरकून तिनं कुलूप लावलं. किल्ली परत घेताना इंद्रजीत म्हणाला, "झालं का? लवकर संपवा, मॅडम. तुमचे नकाशे आले की पाडायला घेणार आहेत." मग जरा थांबून, "मी तिकडं जात नाही. मला इथं लाल-हिरवा दिवा बघायचा असतो, हो-नाही चुकून चालत नाही."

चौथ्या दिवशी ते घडलं.

काम संपलं होतं. जाळीचे शेवटचे फोटो घ्यायचे राहिले होते, म्हणून सुलेखा ओट्यावर गुडघे टेकून नक्षीच्या अगदी जवळ कॅमेरा धरून बसली होती. कान तापले होते, डोळ्यांत घाम. नक्षी नीट टिपली जात नव्हती. तेवढ्यात गाडी आली, रोजच्यापेक्षा जरा लवकर. तिनं घाईघाईनं बॅग उचलली, टेप कोंबली, पाण्याची बाटली शोधू लागली.

"गाडी आली का गं, बाई?"

अगदी साधा आवाज. वयस्कर, थोडा दमलेला. गाडीत बसताना शेजारची आजी विचारते तसा. सुलेखाचं लक्ष बाटलीत होतं. लहानपणापासूनची सवय, मोठ्या माणसानं विचारलं की उत्तर द्यायचं.

"हो, आली ना. चला लवकर," ती म्हणाली.

आणि मग तिच्या हातातली बॅग तशीच राहिली.

जाळीच्या पलीकडं आधी काहीच नाही. मग एक सळसळ. बसून अवघडलेली माणसं उठतात तशी. आधी एक, मग तिच्या शेजारची, मग सगळी खोली. बांगड्या. एक खोकला. कुणीतरी कुणाला तरी हलकेच उठवत होतं. फलाटाकडचं अरुंद दार, ज्याला सुलेखानं स्वतःच्या हातानं कुलूप लावलं होतं, ते कुलूपबंदच होतं. पण दाराच्या समोरच्या खुंटांवरच्या कड्या, एकामागून एक, रुळांच्या दिशेनं किणकिणत गेल्या.

शेडखाली सोनिया उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिचा चेहरा राखेसारखा झाला. ती बायकांच्या डब्याकडं निघाली होती, ती वळली आणि पळत मागच्या डब्यात चढली. बाकीच्या बायाही तिच्यामागं.

गाडीनं शिट्टी दिली. सुलेखा बायकांच्या डब्यात चढली, कारण तोच समोर होता.

डबा रिकामा होता. पंखे फिरत होते. ती खिडकीशी बसली आणि स्वतःला सांगू लागली की वारा असेल, उंदीर असतील, दगडी इमारतीत आवाज घुमतो. पण खिडकी उघडी असून वारा अंगाला लागत नव्हता. अंगाला लागत होती ती दाटी. दोन्ही बाजूंनी दाबून बसल्यासारखं. गुडघ्यांपुढं कुणीतरी उभं असल्यासारखं. आणि तो वास.

चिकलठाण्याला गाडी थांबली. दोन बायका पिशव्या घेऊन दाराशी आल्या. पहिलीनं पाय पायरीवर ठेवला, आत पाहिलं आणि मागं सरकली.

"आगं चढ की," दुसरी म्हणाली.

"कुठं चढू? पाय ठेवाय जागा नाय. पुढच्या डब्यात चल."

सुलेखानं आजूबाजूला पाहिलं. रिकामी बाकं. रिकामा रस्ता. वर हलणाऱ्या रिकाम्या कड्या.

मुकुंदवाडीलाही तेच. एक पोलीसबाई दारात आली, वैतागून म्हणाली, "काय जत्रा हाय का आज?" आणि निघून गेली.

शहराचं स्टेशन आलं. सुलेखा उतरली आणि मागं न बघता चालायला लागली. भर दुपारची वेळ, फलाटावर माणसं, चहावाले, हमाल, सगळं नेहमीचं. फक्त तिच्यासाठी गर्दी बाजूला होत होती. तिच्यासाठी नव्हे. ती गेल्यावरही लोक बराच वेळ बाजूलाच थांबत होते, मागून कुणी यायचं राहिलं असावं तसे.

बाहेर तिनं पहिल्या रिक्षाला हात केला. "भावसिंगपुरा."

रिक्षावाल्यानं तिच्या खांद्यावरून मागं पाहिलं. "मॅडम, इतक्या सवाऱ्या नाय बसत. दोन रिक्षा करा. दोन काय, चार लागतील."

घरी यशू होती. शाळेतून येऊन, हातपाय धुऊन, जिन्यात बसून आईची वाट बघत असणार. सुलेखा रिक्षाकडं पाठ करून पुन्हा स्टेशनात शिरली.

तेव्हा तिला सोनिया दिसली. तिचं स्टेशन मागंच गेलं होतं. ती उतरलीच नव्हती. तिकीट खिडकीच्या खांबाआड उभी होती आणि सुलेखा जवळ येऊ लागताच तिनं हात पुढं केला.

"तिथंच थांबा, मॅडम. पुढं नका येऊ." ती खांबाला चिकटूनच राहिली. "तेवढंच सांगाया आले. घरी नका नेऊ. काय बी करा, पर घरी नका नेऊ त्यास्नी."

"सोनिया, काय आहे हे? कोण आहेत या?"

"मला नाय माहीत. कुणी म्हणतं प्लेगाच्या साली गाडी थांबलीच नाय, तशाच बसून ऱ्हायल्या. कुणी आणखी काय सांगतं. आमच्या कारखान्यात लायनीवर एक होती. नवीन होती बिचारी, तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती हो म्हणली एकीला. एकच आली तिच्यामागं, उठून. ती घेऊन गेली घरी."

"मग?"

"मग काय... त्येंच्या घरात आता जागा नाय."

"म्हणजे?"

"समदे अंगणात झोपतात. तिचा नवरा, पोरं, सासू. थंडी असू द्या, पाऊस असू द्या. दार उघडं असतं, आत कुणी दिसत नाय. पर जागा नाय. एकीनं एवढं केलं, मॅडम. अन् तुम्ही तर समद्यास्नी चला म्हणालात, तुमच्यामागं..." तिनं सुलेखाच्या पाठीमागं पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. "परत बी कुठं न्याल? ती खोली तर पाडणार हायत." तेवढं बोलून ती पळाली. तिचा दोष नव्हता. ती इथवर आली हेच फार होतं.

सुलेखा फलाटाच्या टोकाला गेली, जिथं गर्दी संपते, आणि एका बाकावर बसली. बाकाची बाकीची जागा भरत गेल्याचं तिला कळलं. मग समोर, मग मागं.

"घर आलं का?" कुणीतरी हळूच विचारलं.

"नाही," सुलेखा म्हणाली.

"घर आया क्या, आपा?" दुसरा आवाज, तरुण.

"नाही... अजून नाही."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. उन्हं उतरू लागली. गाड्या आल्या, गेल्या. दर थोड्या वेळानं तोच प्रश्न, कधी मराठीत, कधी दखनीत, आणि दर वेळी तेच उत्तर. आवाज चिडके नव्हते, रागीट नव्हते. हेच तिला सोसेना. ते फार आज्ञाधारक होते.

फोन वाजला. घरून. यशू.

"आई, कधी येतेस?"

"येते गं बाळा. थोडं काम आहे. आजोबांना सांग, जेवून घ्या."

"आई, तिथं एवढ्या बायका का बोलतायत?"

सुलेखानं मान वळवून पाहिलं. फलाटाच्या त्या टोकाला चिटपाखरू नव्हतं.

"आई? कोण आहेत त्या? तुझ्या मैत्रिणी?"

"नाही... कुणी नाहीत."

"मग घरी घेऊन ये ना त्यांना! आजोबा चहा करतील."

कुजबूज थांबली. बांगड्या थांबल्या. इतकी शांतता झाली की लांबच्या इंजिनाची धडधड ऐकू यावी. आणि मग त्या शांततेत, एकदम, तीच सळसळ. सगळ्या उठल्या होत्या.

"नाही!" सुलेखा ओरडली. तिनं फोन बंद केला. ती उभी राहिली, त्यांच्या समोर, म्हणजे जिथं त्या असाव्यात तिकडं तोंड करून. भीतीच्याही पलीकडं काहीतरी तिच्यात आलं होतं. चार दिवसांत तिनं त्यांच्या बाकांना टेप लावली होती, त्यांची जाळी रेघेरेघेनं काढली होती. पण त्या खोलीत कोण, कुठं जायला बसलं होतं, हे तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. "आधी मला सांगा. तुम्हाला जायचं होतं कुठं?"

सळसळ जागच्या जागी थबकली.

"ज्या गाडीची वाट बघत होतात, ती कुठं जाणार होती? कुणाकडं? गाव कुठलं?"

तोच पहिला आवाज आला, वयस्कर, दमलेला.

"ते कुणी सांगितलं नाही गं, बाई."

"हमकू बोलेच नै कोई," तरुण आवाज म्हणाला. "बैठो, बोले. गाडी आई तो ले जाते, बोले."

"मला माहेरी नेणार होते वाटतं," आणखी एक, अगदी मुलीचा. "का सासरी... पडदा होता ना, कळायचं नाही."

सुलेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. भीती गेली नव्हती. दोन्ही एकदमच होतं.

समोर लांबच्या पल्ल्याची गाडी लागत होती. मनमाडवरून पुढं थेट उत्तरेकडं जाणारी. फलाटावर धावपळ उडाली. सुलेखा जनरल डब्याच्या दाराशी गेली.

"ही तुमची गाडी," ती म्हणाली. तिनं आवाज मोठा केला. "हिच्या वाटेवर पुष्कळ स्टेशनं आहेत. खिडक्यांना पडदे नाहीत. बघत बघत जा. जिथं आवडेल तिथं उतरा. कुणी सांगायची वाट बघू नका. कुठं उतरायचं, ते तुम्ही ठरवा."

तिच्या दोन्ही बाजूंनी गार वारा गेला. डब्यात आधीच दाटलेली माणसं होती. एक म्हातारा उगाचच पाय जवळ घेऊन सरकला. एका बाईनं मुलाला मांडीवर घेतलं. दारात लटकलेली पोरं, कुणी काही न बोलता, आत सरकली. सबंध डबा हळूहळू जागा करून देत होता, आणि कशासाठी ते एकालाही कळत नव्हतं.

गाडी सुटली. शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसेनासा होईतो सुलेखा उभी राहिली. मग तिनं मोठा श्वास घेतला. वास नव्हता. अंगाला वारा लागत होता.

बाहेर आली तेव्हा दिवेलागण झाली होती. फकिरा नावाच्या एका म्हाताऱ्या रिक्षावाल्यानं काहीएक न बोलता तिला बसवून घेतलं. ती मागं रेलली. घरी फोन लावला, यशूशी बोलत राहिली, हसली, रडलीही थोडी. बाबा पेट्रोल पंप गेला, मिलकॉर्नर गेला, भडकल गेटच्या गर्दीत रिक्षा जरा रेंगाळली आणि पुन्हा निघाली. भावसिंगपुऱ्यात आपल्या गल्लीच्या तोंडाशी ती उतरली.

फकिरानं मान वळवली. "त्या बाई तुमच्या कोण लागतात?"

"कोण बाई?"

"तुमच्या बाजूला बसलेल्या. तुम्ही फोनवर होता. भडकल गेटला म्हणल्या, मेरेकू इधरीच उतारो भाई, जरा शहर देखके आती मैं. लई खूश होत्या बघा. लहान पोरीवानी इकडं बघू का तिकडं बघू." तो हसला. "गेटाकडं मान वर करून बघत उभ्या ऱ्हायल्या. मग तुमचं घर कुठं ते विचारून घेतलं."

"तुम्ही... सांगितलंत?"

"सांगितलं की. ही गल्ली सांगितली, तुम्हीच बसताना बोलला ना मला. का, नव्हतं सांगायचं?"

निंबखेडा रोडचं जुनं स्टेशन मे महिन्यात पाडलं. पाडताना कुणाला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. सुलेखानं वडिलांना त्या दिवसाबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. त्यांनी पुरावा मागितला असता. पण दिवेलागणीला ती आता घराबाहेर राहत नाही. कडी दोनदा बघते. बेल वाजली की यशूला दार उघडू देत नाही. दिवस गेले, आठवडे गेले. कुणी आलं नाही. शहर मोठं आहे, बघायला वेळ लागतो, असं ती रात्री कूस बदलत स्वतःला सांगते, आणि त्यानं तिला झोप मात्र येत नाही.

परवा साहेबराव गुलमंडीवरून सामान घेऊन आले. पिशवी ठेवता ठेवता म्हणाले, "सुलू, तुझ्या ओळखीची एक बाई भेटली. हलवायाच्या दुकानासमोर उभी होती, नुसती बघत. नाव नाही सांगितलं, पण तुला चांगली ओळखत होती. म्हणाली, रिकाम्या हातानं कसं यायचं? पोरीला गोड काय आवडतं?"

सुलेखानं जाऊन दाराची कडी लावली.

"मग तुम्ही काय सांगितलंत, बाबा?"

"जे आवडतं ते," साहेबराव चष्मा पुसत म्हणाले. "इमरती."